सनईचे आजोबा

मागच्या उन्हाळ्यात आईनं बाबांना सांगितलं, अहो येताना तूप आणा, आणि बाबा इंदूरच्या मारोठिया बाजारातून चक्क सूप घेऊन आले. बांबूचं, पाखडायचं. वर आईलाच म्हणाले, "हल्ली घरात पाखडतं कोण, पण तू म्हणालीस म्हणून आणलं." आई इतकी हसली की तिला ओरडायचं सुचलंच नाही. ते सूप अजून आमच्या रामबागच्या घरात गॅलरीत खिळ्याला लटकलेलं आहे, आणि त्याच सुपापासून ही सगळी भानगड सुरू झाली म्हणून आधी ते सांगितलं.

बाबा ७९ चे. वीज मंडळातून रिटायर होऊन वीस वर्षं झाली. आम्हाला दोन-तीन वर्षं वाटत होतं की ते लक्ष देत नाहीत, आईचं तर ठाम मत होतं की त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं. सूप प्रकरणानंतर मी त्यांना जबरदस्तीनं कान तपासायला नेलं. तिथल्या मॅडमनी जो ग्राफ हातात दिला तो बघून मला लहानपणीची बागेतली घसरगुंडी आठवली, डावीकडे खालच्या सुरांपाशी रेघ बऱ्यापैकी वर आणि उजवीकडे, म्हणजे वरच्या सुरांकडे जाता जाता धाडकन खाली. म्हातारपणात कान असेच जातात म्हणे. आतल्या त्या शंखासारख्या भागात दाराजवळ ज्या पेशी असतात त्या वरचे सूर पकडतात आणि त्याच आधी झिजतात, आत खोलवरच्या पेशी, ज्या खालचे सूर पकडतात, त्या टिकतात. आणि आपल्या बोलण्यातले स, श, फ, त हे सगळे हवेचे आवाज वरच्याच पट्टीत असतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे ऐकू येतं पण काय बोलतोय ते कळत नाही. तुपाचं सूप होतं ते असं. घरी येऊन आईला समजावलं तेव्हा ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी उगाच बोलले." उगाच नाही गं, पण असो.

मशीन घेतलं. दोन्ही कानांना. किंमत सांगत नाही, बाबा कधीतरी हा ब्लॉग वाचतात.

आता बाबांचं एक वेड आहे, सनई. त्यांच्या लहानपणी सकाळी आकाशवाणी सुरू झाली की आधी मंगलध्वनी, आणि इंदूरचं केंद्र १९५५ चं, म्हणजे बाबा मालवा हाऊसपेक्षा, त्या केंद्राच्या इमारतीपेक्षा, वयानं मोठे, हा त्यांचा आवडता विनोद. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या कॅसेट्स अजून कपाटात आहेत, वाजवायला प्लेअर नाही तरी आहेत. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला उठवायला आमच्याकडे अलार्म नसायचा, सनई असायची, फुल्ल व्हॉल्यूम, शेजारच्या गुप्ताजींना पण उठायला लागायचं.

तर मशीन लागल्यावर पहिलंच लग्न आलं नात्यातलं. हॉलच्या दारात सनई-चौघडा, खरा, रेकॉर्डेड नाही, मी मुद्दाम बाबांना अगदी पुढच्या खुर्चीत बसवलं. पाच मिनिटांत त्यांनी दोन्ही मशीनं कानातून ओढून काढली आणि खिशात टाकली. चेहरा असा की कुणी कानात सुई घातलीय. मी नंतर विचारलं तेव्हा कळलं की याला पण कारण आहे, झिजलेल्या कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा झाला की एकदम सहन होत नाही इतका मोठा वाटतो, मधली जागाच उरत नाही. आणि सनई म्हणजे तर मोकळ्या अंगणात, हत्तीघोड्यांच्या गर्दीतून ऐकू जावं म्हणून केलेलं वाद्य. मशीनवाल्याकडे दोनदा सेटिंग बदलायला गेलो. दोन्ही वेळा तो म्हणाला आंटीजी, आदत पड़ जाएगी. मी आंटीजी कधी झाले ते पण एक वेगळंच दुःख.

बाबा काही बोलले नाहीत. पण त्या दिवाळीला सनई लागली नाही. आईनं मोबाईलवर लावायला घेतली तर म्हणाले, राहू दे.

मग जानेवारीत माझ्या मुलाचा सातवीचा सूर्यमालेवरचा प्रोजेक्ट होता, त्याला व्हिडिओमागे म्युझिक पाहिजे होतं म्हणून त्यानं टीव्हीवर यूट्यूब लावून "ग्रहांचं म्युझिक" असं काहीतरी शोधलं आणि गुस्ताव होल्स्ट नावाच्या इंग्रज संगीतकाराचं 'द प्लॅनेट्स' लागलं. सात ग्रह, सात तुकडे. मंगळ धडामधूम, मुलगा खूश. मग तो खेळायला पळाला आणि टीव्ही तसाच चालू राहिला, मी स्वयंपाकघरात. बाबा हॉलमध्ये पेपर घेऊन, मशीन न लावता. पाचवा तुकडा शनीचा. त्याला होल्स्टनं नाव दिलंय 'शनी, म्हातारपण घेऊन येणारा'. मी कणीक मळत होते आणि बाबांची हाक आली, "अगं हे काय वाजतंय? सनई आहे का?"

मी म्हटलं नाही हो, इंग्लिश काहीतरी आहे.

"नाही, मधे काहीतरी सनईच्या घरातलं वाजून गेलं. पण खालचं. सनईचे आजोबा."

वार पण शनिवार होता, खरंच. बाबा दर शनिवारी सकाळी जुनी इंदूरच्या शनिमंदिरात जाऊन येतात, साडेसाती असो नसो. मला काही त्या तेल-उडदातलं कळत नाही पण त्या देवळाचं एक मला मनापासून आवडतं, तिथं शनिजयंतीला गाण्याबजावण्याचा सोहळा होतो, मोठमोठे कलाकार हजेरी लावतात. ज्या देवाला सगळे घाबरतात त्याच्यासमोर गाणं.

तर मी हात धुऊन शोधायला बसले की त्या गर्दीत सनईच्या घरातलं कोण आहे. शंभरेक माणसांचा वाद्यवृंद असतो तो, आणि त्यात एक माणूस बास ओबो नावाचं वाद्य घेऊन बसलेला असतो. ओबो तुम्ही ऐकला असेल, सगळा ऑर्केस्ट्रा सुरुवातीला ज्याच्या सुरावर आपापली वाद्यं जुळवतो तो. सनईचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. दोघांनाही दोन पात्यांची पत्ती, ती ओठात धरायची, आणि दोघांचीही नळी आत वरून अरुंद, खाली रुंद होत जाणारी. ओबो साधारण ६५ सेंटीमीटरचा. त्याच्या खाली पाच सूर गेलं की येतो कॉर आंग्ले, आणि आख्खं सप्तक खाली गेलं की बास ओबो. म्हणजे ओबोचा मध्य सप्तकातला सा तो बास ओबोचा मंद्र सा. बाबांचे कान बरोबर होते! सनईचे आजोबाच.

नावांचा मात्र या घराण्यात सगळा गोंधळ. ओबो हा शब्द फ्रेंच, मूळ अर्थ उंच किंवा मोठ्या आवाजाचं लाकूड, म्हणजे बास ओबो झालं खालच्या आवाजाचं वरच्या आवाजाचं लाकूड. कॉर आंग्लेचा अर्थ इंग्रजी शिंग, आणि ते इंग्रजीही नाही आणि शिंगही नाही. त्यात अजून एक जण आहे, हेकेलफोन. विल्हेल्म हेकेल नावाच्या जर्मन वाद्य बनवणाऱ्यानं १९०४ मध्ये काढला, सूर बास ओबोच्याच आसपासचे पण नळी जास्त रुंद, आवाज जास्त भरदार. उंची चार फूट, त्यामुळे त्याला खाली एक खुंटी असते आणि तो जमिनीवर टेकवून वाजवतात. रिचर्ड श्ट्राउसनं लगेच १९०५ च्या 'सालोमे' ऑपेरात वापरला. तेव्हापासून संगीतकारानं बास ओबो लिहिलं की पुष्कळदा हेकेलफोनवरच वाजवून मोकळे होतात, कारण दोन्ही मिळणं मुश्किल, जे मिळेल ते. लग्नात सनईवाला मिळाला नाही की क्लॅरिनेटवाल्याला बसवतात ना, तसंच हे पण.

होल्स्टबद्दल वाचत गेले तर मी बाबांपेक्षा जास्त अडकले. हा माणूस ट्रोम्बोन वाजवायचा, कारण हाताच्या दुखण्यानं पियानो सुटला. लंडनमध्ये मुलींच्या शाळेत गाणं शिकवायचा. आणि ज्योतिषाचा नाद! ग्रह म्हणजे दुर्बिणीतले नाहीत, पत्रिकेतले, म्हणून तर त्या सात तुकड्यांत पृथ्वी नाही. त्याहून पुढचं म्हणजे हा पठ्ठ्या ऋग्वेदातली सूक्तं गाण्यात बसवायची म्हणून संस्कृत शिकला, आणि १९०८ मध्ये त्यानं सावित्रीवर छोटासा ऑपेरा लिहिला. आपलीच सावित्री, सत्यवान आणि यम. गाणारी माणसं तीन, आत बायकांचा कोरस, आणि वाजवणारे फक्त बारा, दोन बासरीवाले, बाकी व्हायोलिन वगैरे तारेची वाद्यं, आणि या सगळ्यांत पत्तीचं वाद्य एकच, कॉर आंग्ले. मी आईला सांगितलं तर ती म्हणे, "इंग्रजाला वटपौर्णिमा कशी कळली?" मग तिचं नेहमीचं सुरू झालं की इथल्या बायका अमावस्येलाच वड पुजतात आणि आपण पंधरा दिवसांनी पौर्णिमेला, तोवर वडाच्या फांद्या ओरबाडून संपलेल्या असतात. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की इथली वटसावित्रीची अमावस्या आणि शनिजयंती एकाच दिवशी येतात. होल्स्टला हे माहीत असायचं काही कारण नाही, पण त्यानं दोघांनाही त्याच खानदानातलं वाद्य दिलं.

'शनी' त्याचा स्वतःचा सगळ्यात लाडका तुकडा होता. लिहिला तेव्हा तो चाळिशीत होता, १९१८ मध्ये पहिल्यांदा वाजला, आणि होल्स्ट १९३४ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, एका राशीत अडीच, म्हणून तीन राशींची साडेसात. होल्स्टला दोन फेऱ्या कशाबशा मिळाल्या. बाबांची तिसरी फेरी अर्ध्याच्या पुढे गेलीय.

त्यानंतर आमचा शनिवारचा कार्यक्रमच झाला. मोबाईलवर नाही हं, मोबाईलच्या स्पीकरला खालचे सूर येतच नाहीत, टीव्हीच्या साउंडबारवर. बास ओबोला एकट्याला असं फार कमी देतात लोक, तो गर्दीत मिसळलेलाच असतो, म्हणून मी एक पायरी वर येऊन कॉर आंग्लेचं शोधलं. सिबेलियसचं 'तुओनेलाचा हंस' लावलं, मेलेल्यांच्या देशाभोवतीच्या काळ्या नदीत एक हंस पोहतोय आणि तो हंस म्हणजे कॉर आंग्ले. बाबा ऐकून म्हणाले, "वैतरणी आहे ही. पण गाय कुठाय?" मग द्व्होर्झाकच्या नवव्या सिंफनीतला संथ भाग लावला, १८९३ चा, त्यातली कॉर आंग्लेची धून बहुतेक जगातली सगळ्यात फेमस. ती सुरू झाली, ग प प, ग रे सा, रे ग प ग रे, आणि बाबा ताठ बसले. "भूप!" पुढं दोन ओळी डोळे मिटून, मान हलवत, आणि एकदम कपाळाला आठी. "आता हा नी कुठून आला? भूप रागात नी नसतोच. बिघडवलं." पाश्चात्त्य संगीताची एवढी मोठी कृती आमच्या हॉलमध्ये एका निषादावर नापास झाली. पण मला काय झालं सांगू, मला इतका आनंद झाला, कारण दीड वर्षात पहिल्यांदा बाबा एखाद्या सुरावर भांडत होते.

हे सगळं मी ऑफिसात डबा खाताना सांगत बसायची तर एक सहकारी म्हणाली की महूला तिच्या माहेरच्या शेजारी एक फौजी काका आहेत, आर्मी बँडमध्ये ओबो वाजवायचे, पचमढीला फौजेच्या बँडच्या शाळेत शिकलेले. फोन केला. म्हणाले, आ जाओ, बाबूजी को भी ले आओ, वो बड़ावाला भी है मेरे पास. बडावाला म्हणजे कॉर आंग्ले, मुंबईच्या एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाकडून सेकंडहँड घेतलेला.

मार्चचा रविवार, गाडीत बाबा पुढे, आई मागे पोहे-जिलबीचा डबा मांडीवर घेऊन, कारण कुणाच्या घरी मोकळ्या हातानं जायचं नाही. फौजी काका चहा येईपर्यंत थांबलेच नाहीत. पेटी उघडली, आत निळं मखमल आणि तीन तुकडे काळ्या लाकडाचे, आफ्रिकेतलं ब्लॅकवूड, हातात घेतलं तर लोखंडासारखं जड. खालचं तोंड सनईसारखं पसरट नाही, कांद्यासारखं, म्हणजे मधे फुगलेलं आणि शेवटी पुन्हा आवळलेलं. काका म्हणाले, त्या कांद्यामुळे आवाज असा नाकात-गळ्यात घुटमळल्यासारखा येतो. वर एक वाकडी चांदीसारखी नळी, बोकल म्हणतात तिला, तिच्या टोकावर पत्ती बसते.

पत्ती एका छोट्या औषधाच्या बाटलीत पाण्यात बुडवून ठेवलेली. बोटाच्या पेराएवढी, खाली लाल दोरा गच्च गुंडाळलेला. ती कोरडी वाजतच नाही, आणि मालव्यातल्या उन्हाळ्यात पाच मिनिटांत कोरडी होते, काका वैतागून सांगत होते. ओबोवाल्याची अर्धी जिंदगी चाकू घेऊन पत्ती तासण्यात जाते म्हणे, वेत फ्रान्सच्या दक्षिणेकडून येतो, महाग पडतो आणि दहातल्या दोन चांगल्या निघाल्या तर नशीब. मग त्यांनी नुसती पत्ती ओठात धरून फुंकली. काव! अगदी कावळा. आई दचकली. काका हसत म्हणाले, इसको क्रो ही बोलते हैं, कौआ ठीक बोला तो पत्ती ठीक.

अजून एक गंमत त्यांनी सांगितली ती मला फार आवडली. ओबोवाल्याला श्वास कमी पडत नाही, जास्त होतो! पत्तीची फट इतकी बारीक की छातीतली हवा बाहेर जातच नाही, शिळी होऊन आतच राहते, म्हणून नवीन श्वास घ्यायच्या आधी जुना सोडायला लागतो. बडावाला त्या मानानं दयाळू, पत्ती रुंद, हवा जाते.

बाबांनी मशीनं काढून खिशात टाकली आणि खुर्ची ओढून त्या कांद्याच्या समोर, हातभर अंतरावर बसले. काकांनी आधी एक लांब सूर धरला. मग तीच द्व्होर्झाकची धून. निषाद आला तेव्हा मी बाबांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मग बाबा म्हणाले, "मींड नहीं है इसमें?" काकांनी चाव्या दाखवल्या, चांदीच्या, एकावर एक, म्हणाले बाबूजी, उघड्या भोकावर बोट हळूहळू सरकवलं तर मींड, इथं झाकण आहे, उघडं नाहीतर बंद. तरी ओठानं दाबून एक-दोन ठिकाणी घसरवून दाखवलं. बाबांनी हात वर करून वा दिली, पूर्ण नाही, साठ टक्के.

मग म्हणाले, नीचे जाओ. काका एकेक सूर उतरत गेले. बाबांनी तळवा पुढं करून वाद्याच्या तोंडाजवळ धरला. और नीचे. काका अजून एक पायरी उतरले, सगळी बोटं बंद, लाकडाचा थरथराट टीपॉयवरच्या कपाच्या चमच्यापर्यंत पोचलेला. बाबा म्हणाले, और?

"बस बाबूजी," काका पत्ती काढत म्हणाले, "इसके नीचे लकड़ी ख़तम."

मी बास ओबोचं सांगितलं. त्यांनी एवढ्या वर्षांच्या नोकरीत हातात घेतला नव्हता, फक्त फोटोत बघितलेला. त्या किमतीत गाडी येईल, असं म्हणून त्यांनी पोह्यांवर शेव मागितली, आणि आई इंदूरची असल्यामुळे ती पर्समध्ये होतीच.

निघताना त्यांनी बाबांना एक जुनी, कोपरा उडालेली पत्ती दिली, वाजणार नाही पण ठेवा म्हणाले. बाबांनी ती चष्म्याच्या डबीत ठेवली.

वाजते ती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाबांनी पेल्यात भिजवून गॅलरीत उभं राहून फुंकली, मशीन न लावता, त्यामुळे स्वतःला कितपत ऐकू आलं देव जाणे, तर त्यांनी अजून जोर लावला. काव काव काव. मी उठून बाहेर येईपर्यंत शेजारच्या गुप्ताआंटी त्यांच्या गॅलरीत हातात पोळीचा तुकडा घेऊन आभाळात कावळा शोधत होत्या. मी बाबांच्या खांद्याला हात लावला तर वळून म्हणाले, "एवढा मोठा वाजतो का गं?"